यादीतली सही

तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईच्या हातातला कागद मी उगाचच पाहिला. रांगेत उभा राहिलेला माणूस पुढच्याच्या हातातलं वाचतोच, त्यात काही हेतू नसतो. स्टँप पेपरची झेरॉक्स होती, तीही झेरॉक्सवरून काढलेली असावी, काळपट आणि कडेने खाल्लेली. खाली उजव्या कोपऱ्यात सही होती. सुंदरा. तीनच अक्षरं, पहिलं लहान, मधलं जरा मोठं, शेवटचं सगळ्यांत मोठं, आणि वरची रेघ अक्षरं संपली तरी न थांबता तशीच पुढे जाऊन किंचित खाली उतरलेली. ती माझ्या आईची रेघ होती. आईला जाऊन सहा वर्षं झाली आणि तिचं नाव सुंदरा नव्हतं. मी दुकानाच्या काउंटरला हात टेकला. माझ्या बगलेत कॉलेजच्या चार फायली होत्या, त्या घसरल्या, आणि दुकानदार ओरडला की साहेब, मशीनवर नका ठेवू.

मला कुणाला विचारायची गरज नव्हती. अडीच वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका दुपारी, स्टाफरूममध्ये पंख्याखाली बसून मी एकेचाळीस बायकांच्या एकेचाळीस सह्या केल्या होत्या. आमचं कॉलेज कर्जतहून खोपोलीकडे जाताना खालापूरची हद्द लागते तिथे आहे; मी तिथे मराठी शिकवतो आणि विस्तार कार्याचा समन्वयक आहे. विस्तार कार्य म्हणजे कॉलेजने आसपासच्या गावांसाठी केलेलं काम. ते केलं की मूल्यांकनात गुण मिळतात, आणि केल्याचा पुरावा असला की केल्यासारखेच गुण मिळतात. आम्ही कशेळ्याच्या पुढचं एक गाव दत्तक घेतलं होतं. तिथल्या बायकांना साक्षर करायचं, शंभर तासांचे वर्ग घ्यायचे, दर शनिवारी. प्रत्यक्षात आम्ही दोनदा गेलो. एकदा उद्घाटनाला, एकदा पाट्या वाटून फोटो काढायला. पण अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा शंभर तास झालेले होते आणि एकेचाळीस बायका सही करायला शिकलेल्या होत्या, फक्त त्या सह्या तेवढ्या करायच्या राहिल्या होत्या. प्राचार्य मॅडमनी मला बोलावलं. माझं अक्षर वळणदार आहे हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे, फलकावरचा सुविचार रोज मीच लिहितो.

आणि खरं सांगायचं तर मला ते काम आवडलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोला, समीक्षालाही नाही. मी चार प्रकारची पेनं घेतली. एकेका नावापाशी थांबून ही बाई कशी असेल याचा विचार केला. ही दाबून लिहीत असेल, हिची अक्षरं ओळ सोडून वर जात असतील, ही वेलांटी विसरून मग मागाहून कोंबत असेल. काही सह्या डाव्या हाताने केल्या. हल्लीच लिहायला शिकलेल्या माणसाचा हात कसा चालतो हे मला ठाऊक होतं, कारण आईला लिहायला मीच शिकवलं होतं. मी सहावीत होतो, प्रगतिपुस्तकावर पालकांची सही लागायची, वडील कामासाठी बाहेरगावी असायचे आणि आईला सही येत नव्हती म्हणून मला वर्गात मान खाली घालावी लागायची. मी तिला ओट्याखाली बसवून चार संध्याकाळी शिकवलं, चिडून, पाय आपटून. ती आधी अक्षरं काढायची, सुटी सुटी, आणि मग केर उंबऱ्याबाहेर लोटावा तशी ती रेघ एका दमात ओढत न्यायची, थेट बाहेर. यादीत सुंदरा या नावाशी आलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि माझ्याकडच्या नव्या बायका संपल्या होत्या. मी आईची रेघ दिली. मॅडमनी यादी पाहिली आणि म्हणाल्या, म्हसे, तुमच्यात कला आहे. मी घरी जाताना गाडीवर शीळ घालत होतो.

ती बाई मागे वळली. पन्नाशीची, काटक, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं आणि पायांना भाताच्या पेंढ्यांचे ओरखडे. कापणीतूनच उठून आलेली दिसत होती. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि मला ओळखलं.

"तुमी त्ये फोटूवाले सर ना? पाट्या वाटलेले."

मी हो म्हणालो. नाही म्हणता आलं नाही. मग तिने तो कागदच माझ्या हातात दिला, काय लिवलंय त्ये नीट वाचून सांगा म्हणाली, वकील भराभरा बोलतो, समजत नाय. मी फुटपाथवर उभं राहून वाचलं. ते संमतीपत्र होतं. कळंबला तिच्या बापाची जमीन होती, बाप वारल्यावर तिचं आणि तिच्या भावाचं, धाकलूचं, नाव लागायला हवं होतं. कागदात लिहिलं होतं की मी सुंदरा, माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझा हक्क भावाच्या लाभात सोडते. त्याच्या जोरावर सातबाऱ्यावर एकट्या धाकलूचं नाव चढलं होतं, आणि शेजारच्या रिसॉर्टवाल्याशी त्याची बोलणी चालू होती. तिने प्रांतांकडे अपील केलं होतं. शुक्रवारी तारीख होती. तिचं म्हणणं साधं होतं, तिने आयुष्यात सही केलेली नाही, रेशनला अंगठा, बँकेत अंगठा, लग्नाच्या कागदावरही अंगठा. ही सही तिची असूच शकत नाही. वकील आधी म्हणाला होता, एवढंच आपलं बळ, त्यावर आपण जिंकतो. पण मागच्या तारखेला धाकलूच्या वकिलाने एक नवा कागद पुढे केला, कुठल्याशा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मिळालेला. त्यात लिहिलं होतं की ही बाई साक्षर झालेली आहे, आणि खाली तिची सही होती, अगदी तशीच.

"वकील मला बोलला, तू लिवायला शिकलीस का? मी बोलले, शिकवायला कोन आलं?"

ती हे टोमणा म्हणून बोलली नाही, ती मला नुसतं झालेलं सांगत होती. कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या समितीला पुरावा लागतो आणि तो सगळ्यांना दिसेल असा कॉलेजच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो, नियमच आहे तसा, त्याला पारदर्शकता म्हणतात. ती एकेचाळीस सह्यांची यादी मीच स्कॅन करून चढवली होती. धाकलूने किंवा त्याच्या कुणा जाणत्या माणसाने ती तिथून उतरवली, बहिणीच्या नावापुढची सही गिरवली आणि स्टँप पेपरवर उतरवली. म्हणजे त्याने बहिणीची खोटी सही केली असंही नव्हतं, त्याने माझ्या सहीची नक्कल केली होती. चांगली केली होती. मी तिला म्हणालो, कागदात तुम्ही जमीन सोडल्याचं लिहिलंय. ती म्हणाली, त्ये मला म्हाईत हाय, तुमी वाचलं की खरं वाटतं येवढंच. मग ती कशेळ्याच्या जीपकडे गेली. माझ्या फायली तिथेच दुकानात राहिल्या होत्या, त्या आणायला परत जावं लागलं.

मी स्वतःला समजावत कॉलेजात पोचलो की हे माझं प्रकरण नाही. भावाबहिणीचं भांडण आहे, वकील आहेत, प्रांत आहेत. कॉलेजला नुकताच रंग दिला होता, त्याच्या वासाने डोकं चढत होतं. जिन्यात भाड्याच्या कुंड्या येऊन पडल्या होत्या, ग्रंथालयात संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजची पुस्तकं आमचे शिक्के मारून रचली जात होती, आणि कागदोपत्री तीन वर्षं आमच्याकडे शिकवत असलेले दोन प्राध्यापक त्या दिवशी पहिल्यांदा आले होते व मुतारी कुठे आहे असं मला विचारत होते. गुरुवारी समिती येणार होती. माझी नोकरी नऊ वर्षं कंत्राटी आहे. चांगली श्रेणी मिळाली की कायम केल्याचं पहिलं पत्र तुमचं, असं मॅडमनी दोनदा सांगितलं होतं, एकदा संस्थेच्या अध्यक्षांसमोर. मॅडमनी मला केबिनमध्ये बसवलं आणि सांगितलं की समितीने दौऱ्याचा कार्यक्रम पाठवलाय, त्यात लाभार्थी महिलांशी संवाद आहे. आठ बायका आणायच्या. त्या हजेरीपटावर समितीसमोर सही करतील. त्यांना काही येत नसणार हे मॅडमना माहीत होतं. त्या म्हणाल्या, दोन दिवस आहेत, तेवढ्यात एक सही शिकवता येते. अहवालाच्या मुखपृष्ठावर पाटी घेतलेल्या बाईचा फोटो होता, ती तर हवीच, कारण समितीचे अध्यक्ष तिच्याबद्दल विचारणारच. तो फोटो सुंदराचा होता. मी म्हणालो, त्यांची कापणी चालू आहे, दुसरी कुणी पाहू. मॅडमनी मान हलवली आणि टेबलावरची यादी माझ्याकडे सरकवली.

"आणि सही यादीतल्यासारखीच यायला हवी, म्हसे. ते दोन्ही कागद शेजारी ठेवून बघतात."

एवढं कुणाच्याच डोक्यात येणार नाही. खोटं करणारे बरेच असतात, पण खोट्याशी खरं जुळतं का हे तपासायची काळजी आमच्यासारखी शिकलेली माणसंच घेतात. मी बाहेर आलो आणि फलकाजवळ उभा राहिलो. त्या दिवशीचा सुविचार अजून लिहायचा राहिला होता आणि मला एकही आठवेना.

मंगळवारी आम्ही गेलो. मी आणि नम्रता, यंदाच लागलेली, माझ्यासारखीच कंत्राटी, हुशार आणि कामाला वाघ. तिला वाटत होतं की या बायका पूर्वी खरंच शिकल्या होत्या आणि आता विसरल्या. सराव सुटला की होतंच असं, ती जीपमध्ये मला म्हणाली, आपण पाठपुरावा कमी केला, सर. मी बाहेर पाहत राहिलो. शेतं निम्मी कापलेली होती, भाऱ्यांच्या रांगा पडल्या होत्या. अंगणवाडीच्या ओट्यावर आठ बायका विळे बाजूला ठेवून बसल्या, एक पोर मांडीवर घेऊन. सुंदरा सगळ्यांत पुढे. मी प्रत्येकीसाठी कित्ता लिहून आणला होता, आणि सुंदराच्या कित्त्यावर मुद्दाम साधी सही लिहिली होती, सरळ, एकसारखी तीन अक्षरं, वर आखूड रेघ. एवढं तरी मी करू शकत होतो. दुसऱ्या वळणाची सही ती शिकली असती तर निदान तो कागद तिच्यावर शेकला नसता. मला त्यात बरंच समाधान वाटत होतं. नम्रताने यादीची प्रत काढली, कित्ता तिच्याशेजारी धरला आणि म्हणाली, सर, यादीत अशी नाहीये, अक्षरं मोठी होत जातात, आणि ही रेघ बघा किती पुढे जाते. आठही बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, हो की. आणि कागद उलटा करून मागच्या बाजूला आईची सही लिहिली.

मग मला तिचा हात धरून ती गिरवून घ्यावी लागली. विळ्याने घट्टे पडलेली बोटं, पेन्सिल धरल्यावर अंगठ्याचं नख पांढरं व्हायचं. सुं काढताना ती श्वास रोखायची. आईही रोखायची. मी आईवर ओरडलो होतो की श्वास घे, मरशील, आणि ती हसली होती, पदर तोंडाला लावून, मुलगा मास्तर झाला म्हणून. नंतर ती कुठेही सही करायची, गॅसवाल्याच्या पावतीवर, पोस्टाच्या कागदावर, गरज नसताना शेजारणीच्या वहीवर. शेवटच्या आजारात ऑपरेशनच्या संमतीवर सही करायला नर्सने मला कागद दिला तर आईने तो माझ्या हातातून घेतला. मी करते म्हणाली. रेघ कागदाच्या बाहेर गेली, चादरीवर. हे सगळं मला त्या ओट्यावर, परक्या बाईचा हात हातात असताना आठवत होतं, आणि मी त्या हाताला नेमकं तेच शिकवत होतो ज्याने तिची जमीन जाणार होती. मला त्या वेळी स्वतःची शिसारी आली. मी हात सोडला. ती म्हणाली, धरा की सर, आत्ता जमत होतं.

ती लवकर शिकली. बाकीच्या सात जणी हसत होत्या, कंटाळत होत्या, माझं नाव एवढं लांब कशाला ठेवलं म्हणून आईबापांना नावं ठेवत होत्या. सुंदरा बोलत नव्हती. बुधवारी आम्ही पोचलो तर खळ्याच्या सारवलेल्या जमिनीवर काटकीने, घराच्या कुडावर कोळशाने, पाण्याच्या टाकीवर विटकरीच्या तुकड्याने तिची सही होती. रेघ प्रत्येक ठिकाणी पुढे गेली होती. तिने मला फिरून फिरून सगळ्या दाखवल्या. सोमी नावाची वाडीवरची बाई तिच्याकडे कापणीला आलेली होती, ती म्हणाली, रातभर निजली नाय ही, सुनंला बी निजू दिलं नाय. मी चांगलं म्हणालो. आणि त्या दिवशी मी सांगायला तोंड उघडलं. ती पाणी द्यायला आली तेव्हा, नम्रता लांब होती, कुणी ऐकलं नसतं. बाई, शिकू नका. एवढे तीनच शब्द सांगायचे होते. पण का असं तिने विचारलं असतं, आणि खरं सांगितलं की ती वकिलाला सांगणार, वकील लगेच कॉलेजला पत्र लिहिणार किंवा आणखी काही, आणि समिती गुरुवारी संध्याकाळपर्यंत इथेच. मग मी ठरवलं की गुरुवारी समिती गेल्यावर सांगायचं. शुक्रवारच्या तारखेला एक रात्र मध्ये राहते, पुरे. माझ्या भित्रेपणाचं मी असं व्यवस्थित वेळापत्रक केलं आणि पाणी पिऊन तांब्या परत दिला.

घरी, भिसेगावात, समीक्षाने विचारलं, गप्प का. मी म्हणालो समितीचं टेन्शन. ती म्हणाली, सगळीकडे असंच असतं, तू एकटा काय वेगळं करतोस. तिला काहीच माहीत नव्हतं, ती आपली कुंड्यांबद्दल आणि उसन्या पुस्तकांबद्दल बोलत होती. ती कधी कुणाचं वाईट चिंतत नाही. नऊ वर्षं दर जूनला मला नवी ऑर्डर मिळेपर्यंत ती देवापुढे काही बोलत नाही, नुसती उभी राहते. मी तिला सुंदराबद्दल सांगायला लागलो आणि वाटेत ते दुसऱ्या कुणाबद्दल झालं, एका बाईने तिच्या भावावर केस केलीय असं काहीतरी. समीक्षा म्हणाली, बहिणींनी असं करू नये, माहेर तुटतं. तिने स्वतः लग्नानंतर पंधरा दिवसांत हक्कसोडीवर सही केली आहे. आनंदाने केली, भाऊ साडी घेऊन आला होता.

गुरुवारी सभागृहात आठ बायका नव्या साड्या नेसून पहिल्या रांगेत बसल्या. साड्या कॉलेजने दिल्या होत्या, सगळ्या एका रंगाच्या. समितीचे अध्यक्ष दूरच्या राज्यातले वयस्कर प्राध्यापक होते, हिंदीतून हळू बोलायचे, चष्मा कपाळावर. मला वाटत होतं हा माणूस सगळं ओळखून आहे. त्यांनी उसन्या पुस्तकांवरून बोट फिरवून बोटाकडे पाहिलं होतं. मला आतून वाटत होतं की त्यांनी पकडावं, एकदाचं, म्हणजे मला काही करावं लागणार नाही. त्यांनी सुंदरालाच पुढे बोलावलं. मुखपृष्ठ दाखवून म्हणाले, ये आप हैं? ती हो म्हणाली. मग नाम लिखिए म्हणाले. ती टेबलाशी गेली, खुर्चीवर बसली नाही, वाकली. सभागृहात पंख्यांचा आवाज होता. तिने पेन धरलं, श्वास रोखला. मला दिसत नव्हतं पण तिच्या खांद्यावरून कुठलं अक्षर चाललंय ते मला कळत होतं. मग खांदा उजवीकडे सरकला, सरकत राहिला. अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. यादी आणि हजेरीपट शेजारी ठेवले. बराच वेळ पाहिलं आणि मान वर करून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळं सभागृह उठलं. नम्रता रडत होती. कुणीतरी व्हिडिओ काढत होतं. सुंदराने वळून गर्दीत मला शोधलं आणि मी टाळ्या वाजवत होतो. तळहात दुखेपर्यंत वाजवल्या.

समिती गेल्यावर बायकांना न्यायला जीप आली. मी ठरल्याप्रमाणे तिच्याजवळ गेलो. बाजूला घेतलं. तिच्या हातात पेन होतं, अध्यक्षांनी खिशातलं काढून दिलेलं. मी सुरुवात करायच्या आधी तीच बोलली.

"उद्या प्रांतासमोर आंगठा नाय लावनार मी. सही करनार. धाकलू बगंल."

मी म्हणालो, नको, उद्या अंगठाच लावा. का, तिने विचारलं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद तसाच होता, नुसता थांबला होता, माझ्या उत्तरासाठी. मी म्हणालो, वकिलाला विचारून करा. एवढंच निघालं तोंडातून. बाकीच्या बायका हाका मारत होत्या, ती जाऊन बसली. तासाभराने मॅडमचा फोन आला, निरोपाच्या बैठकीत समिती फार खूश होती, विस्तार कार्याचा खास उल्लेख झाला, पत्राचं मी बोलते म्हणाल्या. समीक्षाने विचारलं, मग आता कायम? मी हो म्हणालो. ती आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

शुक्रवारी मी रजा टाकून प्रांत कचेरीत गेलो, आणि जाताना स्वतःला सांगत होतो की नुसतं बघायला चाललोय. मागच्या बाकावर बसलो. धाकलू पुढे होता. मी काहीतरी वेगळाच माणूस मनात धरला होता. हा वाळलेला, खोकणारा, हातात टोपी चुरगाळणारा म्हातारा निघाला, आणि तो बहिणीकडे बघतच नव्हता. नाव पुकारलं गेलं. सुंदराचा वकील म्हणाला, अशील निरक्षर आहे. धाकलूचा वकील तरुण होता, गोड बोलायचा. त्याने कॉलेजची यादी काढली आणि म्हणाला, साहेब, बाईंनाच विचारावं, सही येते का. तिचा वकील उठेपर्यंत तिने पदरातून ते पेन काढलं होतं. तिने त्याला काही विचारलेलं नव्हतं. मी सांगितलं होतं तरी नव्हतं विचारलं, आणि मला तिचा राग आला, खरंच राग आला, जणू सगळी चूक तिचीच. प्रांतसाहेबांनी कोरा कागद दिला. तिने सही केली आणि भावाकडे पाहिलं. धाकलूने पहिल्यांदाच मान वर केली, आणि तो घाबरलेला दिसला. साहेबांनी तीन कागद ओळीने मांडले. संमतीपत्र, यादी, आणि हा. तीन रेघा एकसारख्या पुढे जाऊन खाली उतरल्या होत्या. तिचा वकील खाली बसला. तो बसल्याचं बघून काहीतरी बिघडलंय हे तिला कळलं, पण काय ते कळलं नाही. सगळं चांगलं लिहिलं होतं. तिने मागे वळून पाहिलं आणि तिला मी दिसलो, आणि तिचा चेहरा मोकळा झाला. आपलं माणूस दिसल्यासारखा. साहेबांना ती म्हणाली, त्ये बगा माजे सर, त्यांनी शिकवलं.

मी उभा राहिलो. साहेबांनी विचारलं, तुम्ही कोण. मी नाव सांगितलं, कॉलेजचं नाव सांगितलं. मग म्हणालो, साहेब, यादीतली सही या बाईंची नाही, ती मी केली आहे, यादीतल्या सगळ्याच सह्या मी केल्या आहेत. त्या गावात एकही वर्ग झाला नाही. संमतीपत्रावरची सही त्या यादीवरून गिरवलेली आहे. यांना सही मी मंगळवारी आणि बुधवारी शिकवली, यादीशी जुळावी म्हणून. धाकलूचा वकील हसला आणि म्हणाला, साक्षीदार बरे वेळेवर आणले. साहेब म्हणाले, करून दाखवा. मी टेबलाशी गेलो, त्याच पेनने, तिच्या सहीखाली सही केली. हात जराही हलला नाही, ते मला अजून आठवतं. साहेबांनी चौथा कागद म्हणून तो बाजूला घेतला नाही, तसाच पाहिला, वर तिची, खाली माझी. आणि लिपिकाला म्हणाले, यांचा जबाब लिहून घ्या, सविस्तर, तारखांसह.

लिपिक लिहीत होता. मी सांगत होतो, मे महिना, स्टाफरूम, चार पेनं. कॉलेजात हे संध्याकाळपर्यंत कळणार होतं आणि समीक्षाला मीच सांगायला हवं होतं, पण तेव्हा मला फक्त टेबलापलीकडची सुंदरा दिसत होती. ती त्या कोऱ्या कागदावर वाकून दोन सह्या बघत होती. तिने एकीवर बोट ठेवलं, मग दुसरीवर. जमीन आता बहुधा वाचणार होती, तिच्या वकिलाने तिच्या कानात तसं काहीसं सांगितलंही. तिने ते ऐकलं नसावं.

"ह्यातली माजी कंची, सर?"

मी वरची दाखवली. ती बघत राहिली. तिला फरक दिसत नव्हता आणि दिसण्यासारखा नव्हताही. मग मी सांगितलं की ते वळण माझ्या आईचं आहे, का सांगितलं कुणास ठाऊक, बहुतेक मला वाटलं की त्याने काही कमी होईल. मग लिपिकाने तिचाही जबाब लिहून घेतला. तो वाचून दाखवला, कागद पुढे सरकवला आणि पेनाकडे बोट केलं. तिने पेन माझ्या बाजूला सारलं आणि शाईचा पॅड मागितला. लिपिकाला तो शोधायला वेळ लागला, तोवर ती तशीच अंगठा पुढे धरून उभी होती. अंगठा उठवल्यावर शाई केसांना पुसत ती दाराकडे गेली, भाऊ वाटेत होता, त्याला बाजूला हो म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेली.